उष्णतेने उठावलेले भेटकार्ड : इयत्ता सहावी व सातवीसाठी एक कार्यपाठ

लग्नपत्रिका घरी आली की ती वाचण्यापूर्वी मूल तिच्यावरून बोट फिरवून पाहते. वधूवरांच्या नावांची अक्षरे बोटाला लागतात, चमकतात आणि कागदाच्या वर किंचित उभी राहिलेली असतात. पत्रिका उलटी करून पाहिली तर मागे खळगा दिसत नाही. मग ही अक्षरे वर आली कशी, हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहतो. परंतु वडीलधाऱ्यांपैकी त्याचे उत्तर सहसा कोणाला देता येत नाही. हाच प्रश्न हाती धरून हस्तव्यवसाय, सामान्य विज्ञान व गणित या तिन्ही विषयांस स्पर्श करणारा एक पाठ प्राथमिक शाळेत घेता येतो. संक्रांत, राखीपौर्णिमा, दिवाळी अशा प्रसंगी मुले शुभेच्छापत्रे करतातच. त्याच कामास या पाठाची जोड द्यावी.

उठाव दोन प्रकारांनी येतो. पहिला प्रकार दाबाचा. दाखल्यावर उमटविलेला शाईविरहित शिक्का शिक्षकांच्या परिचयाचा आहे. वरचा व खालचा असे दोन साचे कागदास मध्ये धरून दाबतात. त्यामुळे पुढे उंचवटा व मागे खळगा येतो. दुसरा प्रकार उष्णतेचा. यात कागद दाबला जात नाही. ओल्या शाईवर राळेच्या जातीचे बारीक चूर्ण पसरतात, शाईला न चिकटलेले चूर्ण झटकून टाकतात आणि उरलेल्यास उष्णता देतात. चूर्णाचे कण वितळून एकजीव होतात व थंड होताच कागदावर कठीण, चकचकीत उंचवटा राहतो. उठावाच्या अक्षरांच्या बहुतेक लग्नपत्रिका याच रीतीने तयार होतात. छापखान्यात हे काम यंत्र करते. शाळेत तेच काम हाताने करून पाहता येते.

गुऱ्हाळाचा दाखला

देवळाली प्रवरा व राहुरी तालुक्याच्या परिसरातील मुलांना उष्णतेचा पाठ परका नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या पाटपाण्यावर या भागात उसाचे मळे पसरले. ऊस आला तेथे गुऱ्हाळही आले. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांच्या ध्यानात चुलवाणावरची काहील व तिच्यापाशी उभा असलेला गुळव्या निश्चितच असेल. रस आटत आला की गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का ते पाहतो. पाक लवकर उतरविला तर काकवी राहते, योग्य क्षणी उतरविला तर गूळ जमतो आणि क्षणभर उशीर झाला तर तो करपतो. गुळव्याजवळ तापमापक नसतो. त्याचे डोळे, नाक व बोटे हेच त्याचे मापन होय.

भेटकार्डावर उष्णता देणाऱ्यासही नेमके हेच साधावयाचे असते. चूर्ण वितळण्यापूर्वी थांबले तर ते खरखरीत राहते व नखाने निघून येते. वेळेवर थांबले तर उठाव येतो. उशीर झाला तर वितळलेले द्रव्य कागदात मुरते, उठाव बसतो, तेलकट डाग पडतो आणि कागद पिवळा पडू लागतो. म्हणून पाठाच्या आरंभी शिक्षकाने गुऱ्हाळाविषयी प्रश्न विचारावेत व मुलांच्या तोंडूनच हे तीन टप्पे काढून घ्यावेत. उष्णता किती द्यावी याबरोबरच ती कधी काढून घ्यावी, हे समजणे हाच या पाठाचा गाभा आहे.

साधनाची ओळख

कार्डाच्या कामासाठी हातात धरावयाचे एक लहान विजेचे साधन मिळते. बाजारात ते ‘एम्बॉसिंग हीट टूल’ या नावाने मागावे लागते. त्याची रचना केस वाळविण्याच्या यंत्रासारखीच असते. आत तारेचे वेटोळे असते. वीज सुरू होताच ते तापते आणि मागचा लहान पंखा त्यावरून हवा पुढे ढकलतो. भेद एवढाच की केस वाळविण्याच्या यंत्रात वारा अधिक व उष्णता कमी असते, तर या साधनात वारा मंद व उष्णता पुष्कळ असते. म्हणून केसांचे यंत्र या कामी उपयोगी पडत नाही. त्याच्या वाऱ्याने चूर्ण वितळण्याआधीच उडून जाते. याउलट, जुना रंग खरवडण्यासाठी रंगारी वापरतात ती मोठी ‘हीट गन’ कार्डासाठी फार प्रखर ठरते. ती कागद करपवते व मुलांच्या वर्गात धोकादायक असते. ती शाळेत आणू नये.

सोनाराची फुंकणी मुलांनी पाहिली असल्यास तिचा उल्लेख अवश्य करावा. सोनार दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने वारा घालून उष्णता दागिन्याच्या एका टिंबावर नेतो. उष्णता हव्या त्या जागी व हवी तेवढीच नेणे, ही कल्पना जुनीच आहे. प्रस्तुत साधनात फुंकणीच्या जागी पंखा व ज्योतीच्या जागी तापलेली तार आली आहे.

साधन नसल्यास पाठ अडत नाही. इस्त्री तापवून तिच्या टाचेवर उभी करावी व कार्डाची मागील बाजू इस्त्रीच्या तळाजवळ धरावी. उष्णता कागदातून पुढे येते व चूर्ण वितळते. या रीतीत चूर्ण उडण्याची भीती नाही. मात्र शिक्षकाने कार्ड चिमट्यात धरावे व सतत हलते ठेवावे. मेणबत्ती, चिमणी, स्टोव्ह अशा उघड्या ज्योतीचा उपयोग कदापि करू नये. कागदावर काजळी धरते, कागद पेट घेतो व राळेचे बारीक चूर्णही ज्वालाग्राही असते.

साहित्य

१. जाड कागद अथवा कार्ड. पातळ वहीचा कागद उष्णतेने वळतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली स्थापन झाली. तेथे होणाऱ्या कागदासारखा जाड हातकागद मिळाला तर उत्तम. खडबडीत पृष्ठाच्या कागदावर बारीक रेषा तुटक येतात, म्हणून तशा कागदावर ठसा मोठा घ्यावा.

२. उठावाचे चूर्ण. हे ‘एम्बॉसिंग पावडर’ या नावाने मिळते. एक लहान डबी संपूर्ण वर्गास पुरते, कारण झटकलेले चूर्ण पुन्हा डबीत भरता येते. बाजारातील राळ कुटून चूर्ण करण्याचा मोह शिक्षकाने टाळावा. तापलेल्या राळेचा धूर श्वासास बाधतो व दम्याच्या मुलांना विशेष त्रासदायक होतो.

३. सावकाश वाळणारी शाई. दौतीतील शाई लगेच वाळते व चूर्ण धरत नाही. ठशाच्या कामाची जी शाई काही काळ ओलसर राहते, ती घ्यावी. ती न मिळाल्यास ग्लिसरिनमध्ये थोडे पाणी व रंग मिसळून आधी एका तुकड्यावर प्रयोग करून पाहावा. डिंक वापरल्यास त्यातील पाण्याची वाफ होऊन उठावात बुडबुडे येतात. ते का येतात हे मुलांना विचारण्यासारखे आहे.

४. ठसे. भेंडीचा आडवा काप, बटाट्यावर कोरलेला आकार, खोडरबरावर कोरलेले अक्षर. भेंडी व बटाटा कापल्यावर फडक्याने नीट टिपून घ्यावेत, नाहीतर त्यांच्या पाण्याने शाई पसरते.

५. टाल्कम पावडरची लहान पुरचुंडी, कोरडा मऊ कुंचला, रद्दी कागद, लाकडी चिमटा, पाण्याची बादली.

पाठाचा ओघ

पाठास सुमारे दोन तासिका लागतात. पहिल्या तासिकेत ठसे व कार्डे तयार करून घ्यावीत. दुसरीत उठाव द्यावा. पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याने चूर्ण उडते. मात्र दारे-खिडक्या उघड्या असाव्यात.

प्रथम शिक्षकाने मेण, बर्फ व लाख यांच्याविषयी प्रश्न विचारावेत. बर्फ शून्य अंशावर वितळतो. लाख एकाएकी पाण्यासारखी होत नाही. ती आधी मऊ होते, मग चिकट होते, मग वाहू लागते. टपालातील पाकिटावर किंवा प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर लाखेची मोहोर करताना ही स्थित्यंतरे अनेकांनी पाहिली असतील. राळेच्या जातीची द्रव्ये अशीच हळूहळू नरम होतात, म्हणून त्यांच्या बाबतीत थांबण्याचा क्षण डोळ्यांनी ओळखावा लागतो.

नंतर कृती पुढील क्रमाने करावी.

(अ) कार्डावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवावी. बोटांचा घाम, तेल व घर्षणाने येणारी स्थिरविद्युत यांमुळे चूर्ण नको त्या जागी चिकटते. पुरचुंडीने ते टळते. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग येथे आठवून द्यावा.

(आ) ठशास शाई लावून तो कार्डावर सरळ दाबावा व सरळ उचलावा. अक्षराचा ठसा असल्यास ते ठशावर उलटे कोरावे लागते, हे मुलांना आरशात दाखवावे.

(इ) शाई ओली असतानाच तिच्यावर चूर्ण भरपूर टाकावे, कार्ड तिरके करून रद्दी कागदावर झटकावे व उरलेले चूर्ण डबीत भरावे. ठशाबाहेर राहिलेले कण कोरड्या कुंचल्याने काढावेत. येथपर्यंतचे सर्व काम मुलांनी स्वतः करावे.

(ई) उष्णता देण्याचे काम शिक्षकाने करावे. साधन कार्डावर आणण्यापूर्वी काही क्षण चालवून तापू द्यावे. मग कार्डापासून तीन-चार बोटे अंतर ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश न्यावे. एकाच जागी थांबू नये.

(उ) या वेळी सभोवतालच्या मुलांनी काय पाहावे ते आधीच सांगून ठेवावे. चूर्ण प्रथम मातकट व दाणेदार असते. एकाएकी एका कडेला ते पाण्यासारखे चमकते आणि ती चमक पुढे सरकू लागते. चमक आली तेथून साधन पुढे न्यावे. ‘आता!’ असे म्हणण्याचे काम प्रत्येक कार्डास एकेका मुलाकडे द्यावे. त्याच्या शब्दावर शिक्षकाने साधन हलवावे. गुळव्याच्या नजरेचा हाच अभ्यास होय. एक-दोन कार्डे बिघडली तरी हरकत नाही; चुकलेल्या शब्दाचा परिणाम मुलाच्या समोरच असतो व तो कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक शिकवतो.

(ऊ) कार्ड थंड होईपर्यंत त्यास हात लावू नये. गोठण्याची क्रिया पूर्ण झाल्यावरच बोट फिरवावे.

बिघडलेली कार्डे व त्यांची कारणे

बिघडलेली कार्डे फेकून न देता फळ्याखाली ओळीने लावावीत व प्रत्येकाखाली मुलांनीच कारण लिहावे. उठाव तुटक आला असेल तर शाई आधीच वाळली होती. सर्वत्र ठिपके उठले असतील तर पुरचुंडी फिरविली नव्हती किंवा कार्ड दमट होते. पावसाळ्यात हा दोष हमखास येतो; कार्डे आधी उन्हात वाळवून घ्यावीत. उठाव सपाट व तेलकट झाला असेल तर उष्णता अधिक झाली. कार्ड वाळलेल्या पानासारखे वळले असेल तर उष्णता एकाच बाजूने व एकाच जागी मिळाली. अशा रीतीने कार्यकारणभाव शोधण्याची सवय लागली की हस्तव्यवसायाचा तास विज्ञानाचाही होतो. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाचा विचार मांडला गेला, तेव्हापासून हीच अपेक्षा आहे. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ म्हणून तीच पुन्हा सांगितली. हाताने वस्तू घडावी आणि ती घडत असताना बुद्धीने कारणे शोधावीत, या दोहोंपैकी एक सुटले तर काम अपुरे राहते.

गणिताची जोड

साधनावर लिहिलेला वॅटचा आकडा मुलांना वाचावयास लावावा. समजा, तो ३०० आहे. वर्गात ४० मुले असून प्रत्येक कार्डास ३० सेकंद लागतात. एकूण वेळ १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे, म्हणजे एक तृतीयांश तास. खर्च झालेली वीज १०० वॅट-तास, म्हणजे एक दशांश युनिट. हेच काम १००० वॅटच्या इस्त्रीने २० मिनिटे केले व इस्त्री सतत चालू राहिली, तर सुमारे एक तृतीयांश युनिट लागेल. घरातील विजेच्या बिलावरील दर घेऊन मुलांनी कार्डाचा खर्च काढावा.

सावधगिरी

साधनातून निघणारी हवा कागद करपविण्याइतकी तापलेली असते, पण ती दिसत नाही. चुलीतील ज्वाळेची मुलांना भीती असते. न दिसणाऱ्या उष्णतेची नसते. खरा धोका येथेच आहे. साधन बंद केल्यावरही त्याचे तोंड बराच वेळ तापलेले राहते. ते मुलांच्या हाताबाहेर, फरशीवर किंवा धातूच्या ताटलीत ठेवावे. बाकावर वा कागदाजवळ ठेवू नये. वायर सोललेली नाही व प्लग घट्ट बसतो, याची खात्री करून घ्यावी. वायरीवरून कोणी जाणार नाही अशी जागा निवडावी. उष्णता देताना सभोवती पाच-सहांहून अधिक मुले नसावीत व ती हातभर अंतरावर उभी असावीत. मुलींच्या ओढण्या व मोकळे केस बांधलेले असावेत.

भाजल्यास ती जागा ताबडतोब थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याखाली धरावी व सुमारे वीस मिनिटे धरून ठेवावी. बर्फ, हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये. फोड फोडू नये. भाजलेली जागा मोठी असल्यास किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ वा तळहातावर असल्यास मुलास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

बोटांनी वाचावयाचे कार्ड

या कामाचा सर्वांत मोलाचा उपयोग शेवटी सांगावयाचा आहे. शाळेत किंवा गावात एखादे दृष्टिहीन मूल असते. दिवाळीस सर्व मुले एकमेकांस रंगीत कार्डे देतात. त्याच्या हातातही एक कार्ड येते, परंतु त्याच्या दृष्टीने तो कोरा कागदच असतो. त्याला कार्ड दिले, पण त्यावरचे काहीच दिले नाही, असे होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा बालकास इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. वर्गातील आनंदात त्याचा वाटा काढून ठेवणे मात्र कायद्याच्या हातात नसून शिक्षकाच्या हातात आहे.

उठाव असलेले कार्ड बोटाला लागते. दृष्टिहीनांची लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल याने १८२९ साली प्रसिद्ध केली आणि भारतीय भाषांसाठी तिचे ‘भारती ब्रेल’ हे रूप १९५१ साली ठरले. प्रत्येक अक्षरास सहा टिंबांची चौकट असते. डावीकडे वरून खाली १, २, ३ व उजवीकडे ४, ५, ६ अशा जागा असतात. ‘आ’ या अक्षरात ३, ४ व ५ ही टिंबे उठतात. ‘ई’ या अक्षरात ३ व ५. म्हणजे ‘आई’ हा शब्द अवघ्या पाच टिंबांचा आहे. एवढे वर्गातील प्रत्येक मुलास एका तासिकेत शिकता येते.

ब्रेल पाटीवर टोच्याने लिहिताना कागदाच्या मागून टोचावे लागते. म्हणून उजवीकडून डावीकडे व उलट्या क्रमाने लिहावे लागते. उष्णतेच्या उठावात टिंबे पुढच्याच बाजूवर उभी राहतात, त्यामुळे ती वाचावयाची तशीच सरळ मांडावी. मात्र एका थराचा उठाव बोटाला पुरेसा लागत नाही. पहिला थर वितळलेला व गरम असतानाच त्यावर पुन्हा चूर्ण टाकून पुन्हा उष्णता द्यावी. असे दोन-तीनदा करावे. ब्रेलच्या टिंबाची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर व शेजारच्या दोन टिंबांच्या मध्यांतील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. टिंबे एकमेकांत मिसळली तर अक्षर वाचता येत नाही. चित्रही घालावयाचे असल्यास एकाच ठळक रेषेचे घालावे. फार तपशील बोटाला गोंधळात टाकतात.

असे कार्ड बरे झाले की नाही, हे शिक्षकाने डोळ्यांनी ठरवू नये. ज्याच्यासाठी ते केले, त्याच्या हाती ते द्यावे आणि तो सांगेल तसे सुधारावे. ज्या रेषेवर त्याचे बोट अडखळले, ती रेषा पुन्हा करावी. ब्रेल जाणणारे विशेष शिक्षक केंद्रात येत असल्यास त्यांच्याकडून अक्षरे तपासून घ्यावीत. एरवी वर्गात दृष्टिहीन मुलाचे काम डोळस मुले तपासतात. येथे डोळस मुलांचे काम तो तपासतो. वर्गातील त्याचे स्थान यामुळे जितके बदलते, तितके सहानुभूतीच्या धड्याने क्वचितच बदलत असेल.

मूल्यमापन

पाठानंतर मुलांना पुढील प्रश्न विचारावेत. चूर्ण कागदाला चिकटून राहिले, याचे कारण काय? केस वाळविण्याच्या यंत्राने हे काम का होत नाही? काकवी, गूळ व करपलेला पाक यांची तुलना तीन कार्डांशी कशी कराल? डोळे मिटून, केवळ बोटाने, ‘आई’ असे लिहिलेले कार्ड इतर कार्डांतून ओळखता येते का? शेवटचा प्रश्न तोंडी न विचारता प्रत्येक मुलाकडून प्रत्यक्ष करून घ्यावा. बोटाने ओळखणे किती कठीण आहे, हे तेव्हाच त्यास उमगेल आणि पुढचे कार्ड करताना टिंब नीट उठावे म्हणून ते आपोआप अधिक काळजी घेईल.

तयार कार्डांपैकी एक संच शाळेच्या संग्रहात ठेवावा. त्यात नीट उठलेली कार्डे असावीत, तशीच बिघडलेलीही असावीत व प्रत्येकाखाली कारण लिहिलेले असावे. पुढील वर्षी हा पाठ घेणाऱ्या शिक्षकास तो संच फार उपयोगी पडेल.